या, बसा

मागच्या महिन्यात आमच्या नातवाचा दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. पूर्वी अशा दिवशी देवापुढे साखर ठेवायची, शेजारी पेढे वाटायचे आणि संध्याकाळी फार तर तलावपाळीवर जाऊन भेळ खायची. आता तेवढ्याने भागत नाही. लेकाने आधीच जाहीर करून टाकलं, "शनिवारी रात्री सगळे बाहेर. खेळ, जेवण, आइस्क्रीम, सगळं एकाच ठिकाणी." ते एक ठिकाण म्हणजे ठाण्याच्या बाहेरच्या अंगाला उभं असलेलं एक भलंमोठं संकुल. नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एकट्या त्याचं नाही. अशी संकुलं आता गावोगावी आहेत.

आधीच सांगते, मी नाकं मुरडत गेले नव्हते. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि आत गारेगार. स्वच्छतागृह इतकं स्वच्छ, की आमच्या पिढीतल्या बायकांनाच त्याची खरी किंमत कळेल. बाजारात जायचं म्हणजे घरून पाणी न पिता निघायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलेलं आहे. नातवाने मला बोलिंगचा गोळाही टाकायला लावला. तीन बाटल्या पडल्या आणि शेजारच्या अनोळखी पोरांनी टाळ्या वाजवल्या. सत्तरी ओलांडल्यावर अशा टाळ्या कुठे मिळतात हो?

पण मग जेवायची वेळ झाली.

उपाहारगृहाच्या दारातल्या मुलाने लेकाचा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, "पन्नास मिनिटं लागतील सर, मेसेज येईल." पन्नास मिनिटं! मुलांना काही वाटलं नाही, ती परत खेळायला पळाली. लेक आणि सूनबाई त्यांच्या मागे. राहिलो आम्ही दोघं. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं आहे. चालतात छान, पण एका जागी उभं राहणं जमत नाही.

म्हटलं, बसू कुठेतरी. आणि तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या मोठ्या जागेत बसायला काही नाही. म्हणजे खुर्च्या शेकड्यांनी होत्या, पण प्रत्येक खुर्ची कुणाच्या तरी दुकानाची. मऊ कोच होते ते कॉफीवाल्याचे. "ऑर्डर काय घेणार?" दोनशे-तीनशे रुपयांची कॉफी ह्यांना रात्री चालत नाही, आणि न पिता घ्यायची तर ते आम्हाला जमत नाही. एका मोठ्या कुंडीच्या कठड्यावर टेकलो. दोन मिनिटांत सुरक्षारक्षक आला. बिचारा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, इथे बसायला परवानगी नाही, मला बोलतील." त्याच्यावर रागावून काय उपयोग? उठलो.

फिरत फिरत पुन्हा मुलांच्या खेळांच्या दालनापाशी आलो. तिथे एका काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी उभी होती. मुलं यंत्रांवर खेळून गुण जमवतात आणि तिच्याकडे येऊन पेन्सिली, चॉकलेटं, फार गुण असले तर मोठं अस्वल घेऊन जातात. ह्यांनी काउंटरला हात टेकलेला तिने पाहिला. आत गेली आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आली. वरच्या फळीवरची अस्वलं काढायला चढायचं स्टूल! "बसा आजोबा," म्हणाली.

हे बसले. मी आपली दोनदोनदा तिला धन्यवाद देत होते. ह्यांनी मात्र बसल्या बसल्या तिच्याकडे बघून विचारलं, "आणि तुला गं बसायला काय आहे?"

ती हसली. म्हणाली, "आम्हाला बसायचं नसतं."

मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा थोडं थोडं बोलणं झालं. दुपारी एकला येते, रात्री साडेदहाला सुटते. कळव्याहून येते. मधे जेवणाची सुट्टी, तेव्हा आतल्या खोलीत बसता येतं. बाकी वेळ उभं. काउंटरला रेललेलं दिसलं तर कॅमेऱ्यावरून फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकतात. "पाय दुखत नाहीत का?" मी विचारलं. "पहिले दोन महिने रडायला यायचं. आता घरी गेल्यावर मिठाच्या पाण्यात पाय ठेवते, आजी. सवय झाली."

तेवढ्यात तिचा वरिष्ठ आला. स्टूल बाहेर कसं, म्हणून तिला विचारू लागला. "आजोबांना बरं वाटत नव्हतं," ती खोटंच बोलली. तो म्हणाला, ठीक आहे, पण पाचच मिनिटं, साहेबांची फेरी आहे. हे लगेच उठले. आम्ही निघालो. मी त्या वरिष्ठाला काहीसुद्धा बोलले नाही. चौतीस वर्षं वर्गात पोरांना 'अन्याय दिसला तर बोलावं' असं शिकवणारी मी, तिथून मुकाट्याने निघाले, कारण जेवणाचा मेसेज आला होता.

जेवण छान होतं. पण माझ्या डोक्यातून 'सवय झाली' जात नव्हतं.

मी स्वतः चौतीस वर्षं उभी राहून शिकवलं आहे. पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा त्याची साक्ष देतात. पण माझ्या वर्गात टेबलामागे एक खुर्ची होती. मुलं गणितं सोडवू लागली की मी बसायचे. मुलांना बसायला बाकं होती, आणि उभं करायचं ते शिक्षा म्हणून. 'बाकावर उभा राहा', 'वर्गाबाहेर उभी राहा'. अशा शिक्षा मीही केल्या आहेत, आज त्याचं वाईट वाटतं. पण तीसुद्धा एका तासिकेची शिक्षा असायची, पस्तीस मिनिटांची. या मुलीने काहीच गुन्हा केलेला नाही आणि ती रोज नऊ तास उभी आहे.

जेवताना हे एक गोष्ट बोलले ती मला माहीत नव्हती. हे वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात लेथवर होते. तिथे प्रत्येक मशिनजवळ एक बाकडं असे. काम लावून दिलं की दोन मिनिटं टेकता यायचं. मी म्हटलं, "मालक चांगला होता तुमचा." तर म्हणाले, "मालकाचं काय त्यात? कायदाच होता तसा."

घरी आल्यावर नातवाला सांगून मी खात्री करून घेतली. १९४८ च्या कारखाना कायद्याचं ४४ वं कलम. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं अशा सगळ्या कामगारांसाठी बसायची सोय करायची, म्हणजे कामात उसंत मिळाली की त्यांना विसावा घेता येईल. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, देश फाळणीच्या जखमा बांधत होता, पण मशिनपाशी उभ्या माणसाच्या पायांचा विचार कुणीतरी केला होता.

आता आमच्या ठाण्याचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. एकेक कारखाना बंद पडला. रेमंडच्या कारखान्याच्या जमिनीवर आज टॉवर उभे आहेत. भोंग्यांच्या जागी दिव्यांच्या माळा आल्या. आजोबा कारखान्यात होता, नात मॉलमध्ये आहे. आजोबाला बाकडं होतं, नातीला नाही. याला प्रगती म्हणायचं की कसं, तुम्हीच सांगा.

कुणाला वाटेल, म्हातारीचं हे एक खूळ. तसं नाही. केरळात कोळिकोडच्या मिठाई स्ट्रीटवरच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी 'पेनकूट्टु' नावाची संघटना काढली. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी त्यांच्या पुढारी. बायकांची मागणी काय, तर दुकानात स्वच्छतागृह हवं आणि बसायला मिळायला हवं. वर्षानुवर्षं भांडल्या. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केली. केंद्राच्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसायच्या सोयीचा उल्लेख आहे, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. आपल्या राज्य सरकारने मात्र २०२५ मध्येच दुकानांतल्या कामाचे रोजचे तास नवावरून दहा करायचा निर्णय घेतला. म्हणजे तास वाढवायची घाई झाली. स्टूल मात्र अजून अस्वलं काढण्यापुरतंच.

माझ्या सूनबाईचं म्हणणं वेगळं पडलं. ती स्वतः नोकरी करते, तिला धंद्याची बाजू कळते. ती म्हणाली, "आई, बसलेली माणसं आळशी दिसतात. गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. आणि फुकट बाकडी ठेवली तर लोक नुसते येऊन बसतील."

पहिल्या मुद्द्याचं उत्तर सोपं आहे. बँकेतला रोखपाल बसलेला असतो. रेल्वेचा तिकीटबाबू बसलेला असतो. पोस्टातली बाई बसूनच शिक्के मारते. त्यांना आळशी कोण म्हणतं? आणि आपल्या जुन्या साड्यांच्या दुकानांत काय होतं? पांढऱ्या गादीवर दुकानदार बसलेला, समोर आपण बसलेल्या, मधे साड्यांचा ढीग. दोघंही बसलेली! वर चहा. धंदा काही कमी होत नव्हता. उलट बसलेलं गिऱ्हाईक एकाच्या तीन साड्या घेऊन उठायचं.

दुसरा मुद्दा जरा खरा आहे. लोक नुसते येऊन बसतील. बसू देत की! तलावपाळीवर लोक नुसते येऊन बसतातच. समोर पाणी, पलीकडे १९७८ पासून उभं असलेलं गडकरी रंगायतन. बसलेली माणसंच मग भेळ घेतात, शेंगदाणे घेतात, नाटकाची पाटी वाचतात आणि तिकीट काढतात. मान्य, ती जागा सगळ्यांची आणि संकुल मालकाचं. पण मालकाचं असलं तरी सगळंच विकता येतं असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिनेमागृहांविषयी निकाल दिला. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा मालकाला अधिकार आहे, पण प्यायचं स्वच्छ पाणी मात्र फुकट मिळालंच पाहिजे. मला हा निकाल फार आपल्यातला वाटतो. आपल्याकडे दारात कुणी आलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असला तरी, आपण काय म्हणतो? "या, बसा. पाणी घ्या." जेवायला घालणं न घालणं पुढचं. बसायला जागा आणि प्यायला पाणी, ही दोन मात्र विचारायची नसतात, द्यायची असतात. त्यातलं पाणी कोर्टाने देववलं. बसायचं राहिलं आहे.

माझं मागणं फार नाही. प्रत्येक मजल्यावर, सरकत्या जिन्याजवळ, चारपाच बाकं. ज्यांवर काही विकत न घेता बसता येईल अशी. म्हातारी माणसं बसतील, पोटुशा बायका बसतील, तान्ह्या बाळाची आई बसेल. आणि प्रत्येक काउंटरमागे एक उंच स्टूल. गिऱ्हाईक आलं की उठता येईल, नसलं की टेकता येईल. एका स्टुलाला किती पैसे लागतात? आमच्या त्या रात्रीच्या जेवणात अख्ख्या दालनाची स्टुलं आली असती. बिल लेकाने मला दाखवलं नाही, पण सूनबाईने दाखवलं.

आणि एक आपल्यासाठी. आपण अशा ठिकाणी जातो, मुलांचे हट्ट पुरवतो, फोटो काढतो. पुढच्या वेळी गेलात की काउंटरमागे एक नजर टाका. बसायला काही दिसलं नाही तर त्या मुलीला नव्हे, तिच्या साहेबाला विचारा, "यांना बसायला काय दिलंय?" दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला उत्तर तयार ठेवावं लागेल. मी त्या रात्री विचारलं नाही, ती माझी चूक झाली.

ती सुधारायला म्हणून परवा त्या संकुलाच्या व्यवस्थापकांना मी पत्र लिहिलं. दोन पानी, हाताने, स्वच्छ मराठीत. त्या मुलीचा किंवा तिच्या काउंटरचा उल्लेख कुठेही येऊ दिला नाही, नाहीतर शिक्षा तिलाच व्हायची. कारखाना कायद्याचं कलम घातलं, केरळचं घातलं, आणि शेवटी लिहिलं की मी निवृत्त शिक्षिका आहे, उत्तराची वाट पाहते आहे. ह्यांनी वाचून फक्त एवढंच म्हटलं, "बाकडं लिही, बाक नको. बाक शाळेतला वाटतो." तेवढी दुरुस्ती केली.

असो. उत्तर आलं तर कळवीनच.