अंगठा उचलत नाही तेव्हा

मनगटाच्या हाडाला बारीक चीर गेली, प्लास्टर निघाले, दुखणेही थांबले. आणि काही आठवड्यांनी सदऱ्याचे बटण लावताना अंगठ्याचे टोक लोंबू लागते. घरच्यांना पक्षाघाताची शंका येते. तोंड वाकडे वा बोलणे अडखळते झाले असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तसे नसल्यास तळहात टेबलावर पालथा ठेवून केवळ अंगठा वर उचलून पाहावा. तो उचलत नसेल, तर बहुधा त्याला ताठ करणारी कंडरा तुटली आहे. मनगटामागील हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून ती अरुंद बोगद्यातून जाते. तेथे रक्तपुरवठा तोकडा, त्यात सूज, म्हणून ती झिजते. नवल असे की, हाड न सरकलेल्या साध्या अस्थिभंगातच हे अधिक घडते. १९व्या शतकात प्रशियाच्या सैन्यातील ढोलवादकांनाही हा विकार जडे.

शेक-मालिशीने ती जुळत नाही. झिजलेली टोके सहसा शिवताही येत नाहीत. म्हणून तर्जनीच्या दोन कंडरांपैकी एक अंगठ्याकडे वळवतात. तर्जनीचे काम दुसरीवर भागते. ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ हा प्रश्न मला पटत नाही. पेला धरण्यापूर्वी अंगठा उघडावा लागतोच, आणि केवळ हात बधिर करूनही ही शस्त्रक्रिया करता येते. पुढे सुमारे ४ आठवडे हाताला आधारपट्टी, मग व्यायाम. वर्धा परिसरातील वाचकांनी सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवावा. जाताना प्लास्टरच्या वेळचे क्ष-किरण चित्र सोबत न्यावे.