भुताचा जन्म आणि बिबट्याची वार्ता

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात सायंकाळी चार माणसे पारावर जमली, की विषय एकच निघतो – बिबट्या. कुकडी-घोडच्या पाण्याने उसाचे मळे वाढले आणि त्या दाट उसात बिबट्याने संसार थाटला. माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पिंजरेही लागतात. परंतु ज्या घरातले लेकरू गेले, त्याचे दुःख कशाने भरून निघावे? हे भय खरे आहे. त्याची थट्टा कोणी करू नये.

मात्र या खऱ्या बिबट्याच्या जोडीने भ्रमणध्वनीवर खोटे बिबटेही जन्मू लागले आहेत. कुठल्या तरी दूरच्या गावचे जुने छायाचित्र 'आपल्याच ओढ्याजवळ' म्हणून फिरते आणि गाव रात्रभर जागे राहते. अशा वेळी द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' ही कथा हटकून आठवते. भूत जन्मते ते स्मशानात नव्हे, तर सांगणाऱ्याच्या जिभेवर आणि ऐकणाऱ्याच्या कानात, हे मर्म दमांनी हसत हसत उलगडले.

१९२७ साली अकलूजला जन्मलेले, पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात मराठी शिकवणारे आणि १९९८ साली परळीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे दमा २०२१ साली गेले. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासह त्यांनी कथाकथन गावोगाव नेले. त्यांच्या कथांतील थापाडे, भित्रे, आळशी लोक आपल्याला हसवतात. पण लेखकाने त्यांना तुच्छ लेखले, असे कधी वाटत नाही. पुण्यात राहूनही ते गावाला हसले नाहीत, गावाबरोबर हसले. शहाणपण शिकविण्याचा आव न आणता शहाणे करणारा हा विनोद आहे.

आपल्या कार्यकर्त्यांनी नेमके हेच शिकावे. घाबरलेल्या माणसाला 'अडाणी' म्हटले, की तो अफवेलाच अधिक घट्ट धरतो. त्याच्या शेजारी बसावे, त्याच्याच बोलीत विचारावे – "बाबा, तुम्ही स्वतः पाहिलं का? कुठं? कधी?" लांडगा आला रे आला, या गोष्टीतला धोका येथेही आहे. दहा खोट्या वार्तांनी थकलेले गाव अकराव्या, खऱ्या वार्तेला उठणार नाही, आणि त्याची किंमत एखादे लेकरू मोजेल.

म्हणून शाळेत, ग्रंथालयात, जत्रेच्या मांडवात ही कथा मोठ्याने वाचली जावी. पोटभर हसलेला माणूस पुढची वार्ता पाठविण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल. तो क्षण लाखमोलाचा आहे.