मुलाला मौजनगरींत नेण्यापूर्वीं

जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर देवगांव फाटा लागतो, आणि येथूनच एक वाट सेलूच्या रेल्वे स्थानकाकडे वळते. एरवीं या फाट्यावर थांबणारा मनुष्य बाजारासाठीं, दवाखान्यासाठीं किंवा लग्नकार्यासाठीं थांबतो. परंतु अलीकडे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटींत एक नवीनच प्रवासी येथें पिशव्या घेऊन उभा असतो. त्याच्या बोटाला धरून सहा-सात वर्षांचें मूल असतें, आणि ही मंडळी निघालेली असते ती मामाच्या गांवाला नव्हे, देवदर्शनालाही नव्हे, तर ज्याला आज सर्वत्र 'थीम पार्क' म्हणतात त्या मौजनगरीकडे. कोणी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला, कोणी शिर्डीच्या जलक्रीडेच्या उद्यानास, तर कोणी हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीस जातो.

या जाण्याला आमचा विरोध नाहीं. मुलांनीं सुटींत हंसावें, ओरडावें, पाण्यांत डुंबावें, यांत गैर तें काय? आमचें म्हणणें निराळें आहे. अशा पहिल्या सहलीहून परत आलेल्या घरांत मूल हिरमुसलेलें आणि आईबाप चिडलेले, असें दृश्य आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. दोष गर्दीला दिला जातो, उन्हाला दिला जातो, महागाईला तर दिला जातोच. आमच्या मतें ही निराशा तेथें उपजत नाहीं. ती घरूनच बरोबर नेलेली असते. बेत आंखतांना आपण मुलाचें माप घेत नाहीं, आपल्या हौसेचें घेतों.

माप हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजीत नाहीं. या नगऱ्यांतील मोठ्या खेळांच्या दाराशीं उंचीच्या खुणेची एक पट्टी उभी असते. मुलाचें डोकें त्या खुणेला लागलें नाहीं तर दारावरचा सेवक त्याला आंत सोडीत नाहीं, मग बापानें कितीही रदबदली करो. मोठ्या रोलर कोस्टरला, म्हणजे रुळांवरून उलटीपालटी होत धांवणाऱ्या गाडीला, ही अट बहुधा १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. आतां जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते पाहा. मुलग्याची मध्यम उंची सहाव्या वर्षीं सुमारें ११६, आठव्या वर्षीं १२७ आणि दहाव्या वर्षीं १३८ सेंटिमीटर भरते. म्हणजे पहिलींतला मुलगा सर्वांत सौम्य अटीलाही बहुधा पुरत नाहीं, आणि सर्वांत कडक अटीला पांचवींतलाही बोटभर कमी पडावयाचा. ही अट कोणाला हिणविण्यासाठीं घातलेली नाहीं. गाडी वळतांना आणि खालीं कोसळतांना अंग जागेवर धरून ठेवणारा दांडा मोठ्या शरीराच्या बेतानें बसविलेला असतो. लहान मूल त्याच्या पकडींतून निसटूं शकतें. तेव्हां त्या सेवकाशीं हुज्जत घालणारा बाप आपल्याच मुलाच्या जिवावर हुज्जत घालीत असतो.

परंतु मुलाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. महिनाभर त्याला घरीं चित्रें दाखविलेलीं असतात. त्यानें वर्गांत सर्वांना सांगून ठेवलेलें असतें. आणि तासभर रांगेंत उभें राहिल्यावर 'तूं लहान आहेस' असें चारचौघांत सांगून त्याला बाजूस काढतात. थोरला भाऊ आंत जातो आणि हा आईचा पदर धरून कठड्याबाहेर राहतो. हें दुःख टाळण्यास एक पैही लागत नाहीं. घरच्या दाराच्या चौकटीशीं मुलाला अनवाणी उभें करून पेन्सिलीनें खूण करावी. कोणत्या खेळाला किती उंची लागते हें त्या नगरीच्या संकेतस्थळावर पाहावें किंवा दूरध्वनीवरून विचारून घ्यावें. मग मुलासमक्षच ठरवावें कीं, हे खेळ तुझे आणि हे अजून दोन वर्षांनीं. घरीं ऐकलेलें 'नाहीं' मूल एका रात्रींत विसरतें. दाराशीं ऐकलेलें वर्षभर विसरत नाहीं. जातां जातां हेंही सांगतों कीं, पुष्कळ ठिकाणीं मुलाचें तिकीट वयावर नसून उंचीवरच ठरतें. तेथें शाळेचा दाखला दाखवून उपयोग नाहीं.

इतकी साधी गोष्ट शहाणेसुरते लोक कां करीत नाहींत? कारण ही सहल पुष्कळदां मुलाची नसतेच. १९८९ सालीं मुंबईच्या गोराई भागांत एस्सेल वर्ल्ड सुरू झालें. त्याच्या जाहिराती दूरदर्शनवर लागत, तेव्हां मराठवाड्यांतील मुलें शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून त्या पडद्याकडे पाहत असत. खाडी ओलांडून जावें लागणारी ती नगरी त्यांना विलायतेइतकीच दूर होती. तीं मुलें आज आईबाप झालीं आहेत. एस्सेल वर्ल्ड २०२२ सालीं बंद पडलें, परंतु ती इच्छा बंद पडली नाहीं. ती आतां मुलाच्या नांवावर पुरी करून घ्यावयाची असते. यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मोठ्यांनाही झोका हवा असतो. इमॅजिका २०१३ सालीं सुरू झाली तेव्हांपासून तेथील 'निट्रो' नांवाची गाडी प्रसिद्ध आहे. तिला पायांखालीं तळ नाहीं, बसणाऱ्याचे पाय अधांतरीं लोंबतात. बापाला तींत बसावयाचें असेल तर त्यानें खुशाल बसावें. फक्त खालीं उतरल्यावर 'तुझ्यासाठीं एवढ्या लांब आलों आणि तूं रडतोस' असें मुलाला ऐकवूं नये. लहानांसाठीं तेथें निराळे सौम्य खेळ आहेत. आणि बसल्या जागीं हवेंत तरंगत असल्याचा भास करून भारतांतील स्थळें भव्य पडद्यावर आकाशांतून दाखविणारा एक खेळही आहे, तो भूगोलाच्या आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावा.

दिवस कोणता निवडावा, याचाही विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. १७ जुलै १९५५ रोजीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील अ‍ॅनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यानें आपली डिस्नेलँड उघडली. तो रविवार होता. बोलावणें ठराविक पाहुण्यांनाच होतें; पण खोटीं प्रवेशपत्रें छापलीं गेलीं आणि अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट, सुमारें २८,००० माणसें आंत शिरलीं. ऊन असें कडक कीं, नुकतेंच घातलेलें डांबर मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टाचा त्यांत रुतल्या. नळकामगारांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे पुष्कळ नळ कोरडे होते. कांहीं खेळ त्याच दिवशीं मोडले. त्या दिवशीं तेथें गेलेल्या मुलाला डिस्नेलँड कशी वाटली असेल? आणि तरीही पुढील सात आठवड्यांत तेथें दहा लाख लोक येऊन गेले. नगरी तीच, दिवस निराळा. आपल्याकडे भाऊबीज झाली कीं सारा महाराष्ट्र एकाच वेळीं घराबाहेर पडतो, आणि त्यांतही रविवार साधतो. मे महिन्यांत तर परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, खोपोलीकडे घामानें जीव नकोसा होतो. सुटीच्याच दिवसांत जावयाचें तर भाऊबीजेनंतर चार दिवस सोडून, आठवड्याच्या मधल्या वारीं जावें. दाराशीं पोंचावें तें दार उघडण्यापूर्वीं. कारण पहिल्या दोन तासांत जेवढें पाहून होतें तेवढें पुढें दिवसभरांत होत नाहीं.

आतां भीतीविषयीं. आपलें मूल धीट आहे कीं भित्रें, हें सातशें-आठशें रुपयांच्या किंवा त्याहून महाग तिकिटावर शोधून काढण्याची गरज नाहीं. परभणीस दरवर्षीं फेब्रुवारीच्या प्रारंभीं हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. सर्व जातींचे व धर्मांचे लोक तेथें जातात; आकाशपाळणे, घोड्यांचें चक्र, पुढें-मागें झुलणारी नाव, सर्व कांहीं असतें. ज्यांना मार्गशीर्षांत जमतें ते माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेस जातात. मुलाला आधीं तेथें न्यावें. आकाशपाळण्याचा पाळणा वर जाऊन थांबला असतां तें हात हलवितें कीं डोळे मिटून किंचाळतें, हें एकदां पाहिलें म्हणजे पुढचा अर्धा बेत आपोआप ठरतो. घोड्यावर बसावयास जें मूल तीनदां मागतें त्याला मोठ्या गाडींत कोंबण्यांत पुरुषार्थ नाहीं. अंधाऱ्या भुताच्या घरांत 'कांहीं होत नाहीं, चल' म्हणून ओढून नेलेलीं मुलें नंतर कित्येक दिवस घरच्या माजघरांतही एकटीं जात नाहींत. हा विनोदाचा विषय नव्हे.

खरी आडकाठी मात्र आणखी निराळीच आहे, आणि तिच्याविषयीं बोलतांना आम्हांसही संकोच वाटतो, कारण ती गरिबीच्या जवळची आहे. सोयाबीनची पट्टी आल्यावर बाजूस ठेवलेल्या पैशांतून एक कुटुंब अशा सहलीस जातें, तेव्हां 'पैसे वसूल झाले पाहिजेत' हा मंत्र सकाळपासून घोकला जातो. तिकिटांत पंचवीस खेळ आहेत तर पंचवीसही झाले पाहिजेत. दुपारीं तीन वाजतां मूल पेंगुळलेलें असतें. त्याला सावलींत अर्धा तास निजूं द्यावें एवढीच त्याची मागणी असते. पण वसुलीचा जप करणारी आई त्याला हातानें ओढीत सोळाव्या रांगेकडे नेते. आम्ही त्या आईला दोष देत नाहीं. तो पैसा कसा सांठला हें ती जाणते. तरीही आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, सहा वर्षांच्या मुलाचे पांच खेळ, एक झोंप आणि एक आइस्क्रीम एवढ्यांत ती रक्कम वसूल झाली असें समजावें. एकच सौम्य गाडी त्याला चार वेळां हवी असेल तर चारही वेळां तीच घ्यावी.

पैशाचा हिशेब घरींच करावा आणि मुलालाही त्यांत बसवावें. तिकिटाहून वरखर्चच जड होतो. बहुतेक ठिकाणीं घरचें अन्न आंत नेऊं देत नाहींत. तेव्हां दशम्या-धपाटे बाहेरच पोटभर खाऊन मग आंत शिरावें. पाण्याच्या उद्यानांत सुती कपडे चालत नाहींत, कारण सुताचे तंतू पाणी गाळण्याच्या यंत्रांत अडकतात. नायलॉनचा पोहण्याचा पोशाख घरून न नेल्यास तो तेथें भाड्यानें घ्यावा लागतो. बाहेर पडावयाची वाट बहुधा खेळण्यांच्या दुकानांतूनच काढलेली असते. ही योजना कोणाच्या सोयीची, हें सांगावयास नको. मुलाच्या हातांत सकाळींच ठराविक रक्कम द्यावी आणि ती कोठें खर्च करावी हें त्यालाच ठरवूं द्यावें. आपल्या हातचे पैसे मूल आपल्याहून जपून खर्चतें.

वाटेविषयीं दोन शब्द. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला आणि जून २०२५ पासून तो महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पोंचला. जालन्याजवळ त्यावर चढलें कीं शिर्डी लवकर येते, म्हणून पहाटे निघून रात्रीं परत येण्याचा मोह आतां पुष्कळांना होतो. मोठ्यांना तें साधतें. मुलाचा अर्धा दिवस मात्र गाडींत ओकण्यांत आणि पेंगण्यांत जातो, आणि उरलेल्या अर्ध्यांत तें चिडचिड करतें. एक रात्र मुक्काम करावा. नाहींतर जाऊंच नये. एस्. टी.नें जाणाऱ्या आयांना १७ मार्च २०२३ पासून अर्धें भाडें पडतें, त्या बचतींतून मुक्कामाचा कांहीं भार हलका होईल. रामोजी फिल्म सिटी १९९६ सालची. तिकडे सेलूहून रेल्वेचा सरळ मार्ग आहे, परंतु तेथें पाहावयाचें तें मुख्यतः चित्रपटांचे देखावे, बसमधून हिंडत. ज्या मुलानें ते चित्रपट पाहिलेले नाहींत त्याला त्या रंगविलेल्या भिंती काय सांगणार? तीं मुलें दहा-बारा वर्षांचीं झाल्यावर तिकडे न्यावींत.

रेल्वेनें जाणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पांच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असल्यास २०१६ पासून पूर्ण भाडें द्यावें लागतें. आरक्षण पूर्वीं १२० दिवस आधीं उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे. तेव्हां दिवाळीच्या सुटींत ज्यांना निघावयाचें असेल त्यांनीं पंचांग उघडून साठ दिवस मागें मोजावेत, आणि त्याच संध्याकाळीं मुलाला चौकटीशीं उभें करून खूण करावी. निघावयाच्या दिवसापर्यंत तें एखादा सेंटिमीटर वाढलेलेंही असेल. ती दुसरी खूण त्याची त्यालाच करूं द्यावी.