‘थोडं खाल्लं तर काही होत नाही’



सिम्हात तोरा आटोपल्यावर मी लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते. तिथे 31 ऑक्टोबरच्या रात्री जे घडलं, ते आज या पानावर सांगायचं आहे. मी 36 वर्षं नर्सची नोकरी केली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तरी त्या रात्री एका लहान मुलाचा जीव माझ्या हातून धोक्यात येता येता राहिला. तेही मायेपोटी.

अमेरिकेत त्या रात्री हॅलोविन असतो. त्याचं मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांच्या थंडीच्या सुरुवातीच्या सणात आहे, असं मानतात. पुढे ख्रिस्ती लोकांच्या 1 नोव्हेंबरच्या संतांच्या दिवसाशी तो जोडला गेला. तिकडे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा लावत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला. आता मुलं भूत, राजकन्या, अंतराळवीर असे वेष करून दारोदार फिरतात आणि “ट्रिक ऑर ट्रीट” म्हणतात. म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. ज्या घराच्या ओसरीवर दिवा लागलेला असेल तिथेच जायचं, अंधार असेल तर पुढे जायचं, असा तिथला रिवाज.

मी लेकीला म्हटलं, “हा भुताखेतांचा सण आपला नाही. दिवा बंद कर आणि आत बस.” ती म्हणाली, “आई, पुरिमला आपण काय करतो? वेष करतो, खाऊ वाटतो. शेजारची मुलं आशेनं येतात, त्यांना बंद दार काय दाखवायचं?” तिथल्या ज्यू कुटुंबांत याबद्दल दोन मतं आहेत. कोणी पाळतं, कोणी नाही. लेक मुलांना घेऊन बाहेर पडली, जावई कामावर होते. दाराशी खाऊचं भांडं घेऊन बसायची पाळी माझ्यावर आली.

खरं सांगते, मला मजा वाटली. तीन-चार वर्षांचा वाघ येतो, बोबडं बोलतो, मूठभर चॉकलेटं घेतो आणि “थँक यू” म्हणून जातो. माझं बालपण अलिबागजवळच्या गावात गेलं. तिथे आपण पुरिमला होळीचा सण म्हणत असू आणि पुरणाच्या पुऱ्यांची ताटं झाकून घरोघर पोचवत असू. त्याची आठवण झाली.

साडेसातच्या सुमारास भांडं रिकामं झालं आणि मुलं तर येतच होती. मला आठवलं, नातवंडांसाठी अश्दोदहून आणलेली बांबाची छोटी पाकिटं बॅगेत आहेत. मी ती काढून भांड्यात ओतली. पुढचा मुलगा सहा-सात वर्षांचा, अंतराळवीर झालेला. त्याच्या हातातली बादली मोरपंखी रंगाची होती. मी त्याच्या बादलीत पाकीट टाकणार, तोच मागून त्याच्या आईने विचारलं, “यात काय आहे?” मी कौतुकाने सांगितलं, “आमच्या इस्राएलचा खाऊ. शेंगदाण्याचा. आमच्याकडे दात यायच्या आधीपासून मुलं खातात.”

त्या बाईने मुलाला खांद्याला धरून एकदम मागे ओढलं. मग पर्समधून छोटी पिशवी काढून दाखवली. आत एपिनेफ्रिनची दोन इंजेक्शनं होती. मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी होती. पाकिटावर सगळं हिब्रू. तिला ते वाचता आलं नसतं. रांगेतल्या बऱ्याच आया फाटकाशीच थांबत होत्या. ही पायरीपर्यंत आली म्हणून निभावलं. नातीच्या टेबलावरून मी एक रंगीत पेन्सिल आणून त्याला दिली. तो खूश होऊन गेला. मी मात्र उरलेली पाकिटं परत बॅगेत भरली आणि किती तरी वेळ हात थरथरत बसले. ॲनाफिलॅक्सिसचे रोगी मी वॉर्डात पाहिले आहेत. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. हे सगळं काही मिनिटांत होऊ शकतं.

मोरपंखी रंगाचा अर्थ लेकीने नंतर सांगितला. अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणारी ‘फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन’ ही संस्था 2014 पासून देशभर लोकांना सांगते की दाराशी मोरपंखी भोपळा ठेवा. म्हणजे या घरी खाण्याखेरीज दुसरं काही, पेन्सिल, स्टिकर, छोटं खेळणं, मिळेल अशी ती खूण.

आपण इस्राएलमध्ये शेंगदाण्याला एवढे निर्धास्त का, यालाही कारण आहे. 2008 साली इस्राएल आणि ब्रिटन इथल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनच्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे दहापट होती. इस्राएलची बाळं लहानपणीच बांबा खातात, हे त्यामागचं कारण असावं असा अंदाज होता. 2015 साली दुसऱ्या मोठ्या अभ्यासातून दिसलं की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा सुरू केला, तर ॲलर्जी बरीच कमी होते. पण याचा अर्थ ज्या मुलाला ॲलर्जी झालेलीच आहे त्याला आपण चारून बरं करावं, असा मुळीच नाही. आणि आपल्याकडेही तिळाची आणि दुधाची ॲलर्जी असलेली मुलं आहेत. तिळाची चिक्की आणि हलवा आपण सर्रास वाटतो.

हॅलोविनची लोकांना भीती वाटते ती अनोळखी माणसाने गोळीत विष घालण्याची. लेकीच्या घरीही रात्री पिशव्या टेबलावर उलट्या करून एकेक पाकीट तपासलं, कोशेर कुठलं तेही पाहिलं. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याचा एकही सिद्ध प्रकार त्यांना सापडला नाही. 1974 साली टेक्सासमध्ये एक मुलगा सायनाइडने दगावला खरा, पण ते विष विम्याच्या पैशासाठी त्याच्या स्वतःच्या बापाने घातलं होतं.

खरा धोका रस्त्यावर असतो. 42 वर्षांच्या अपघातांच्या नोंदींवरून अमेरिकेत असं आढळलं की हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांचे मृत्यू इतर संध्याकाळींच्या मानाने 43 टक्क्यांनी जास्त होतात. अंधार, काळे वेष, डोळ्यांवर मुखवटा आणि पळणारी मुलं. दुसरा धोका घशात अडकण्याचा. कडक गोळ्या, अख्खे दाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत. आणि तिसरा धोका म्हणजे माझ्यासारखी प्रेमळ आजी, जिला विचारायचं सुचत नाही.

हे मी स्वतःला बोल लावण्यासाठीच लिहीत नाही. आपल्या सर्वांच्या तोंडी एक वाक्य आहे: “थोडं खाल्लं तर काही होत नाही.” मलिद्याच्या वेळी, लग्नात, पुरिमला, कोणी नको म्हटलं की आपण हेच म्हणतो. सून म्हणाली, “आई, त्याला हे देऊ नका,” की आपल्याला राग येतो. माझ्या हातचं चालत नाही का? आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? माझ्या मते हा राग आपण सोडायला हवा. सून आपल्या हाताला नावं ठेवत नसते, ती पदार्थाबद्दल बोलत असते.

हेच वाक्य माझ्या घरात मला महाग पडलं आहे. माझ्या यजमानांना मधुमेह होता. पुरिमनंतर मिश्लोआह मानोतच्या टोपल्या आठवडाभर घरात पडून असत. “एक चॉकलेट खाऊ का?” असं त्यांनी विचारलं की मीच म्हणायची, “खा, थोडं खाल्लं तर काही होत नाही.” नर्स असून! एका वर्षी चादरी बदलताना त्यांच्या उशीखाली मूठभर रिकामे कागद सापडले. त्यांची साखर किती तरी दिवस 300 च्या वर होती. त्यातच बोटाला झालेली जखम चिघळली आणि शेवटी उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. एका चॉकलेटने बोटं जात नाहीत, हे मला कळतं. पण ते एक कधीच नव्हतं.

काही जण म्हणतील, सगळ्याचीच भीती घातली तर सण करायचा कसा? माझं म्हणणं उलट आहे. दिवा बंद करून बसू नका. म्हातारपणी दार वाजणं ही मोठी गोष्ट आहे, आणि त्या रात्री माझा जीव किती रमला ते मी वर सांगितलंच. फक्त हात पुढे करण्याआधी विचारा. पुढच्या गोष्टी कापून फ्रीजवर लावून ठेवा:

दुसऱ्याच्या मुलाला, आणि आपल्या नातवालाही, खाऊ देण्याआधी आई-वडिलांना विचारा. दाणे, तीळ, दूध असलेल्या घरगुती खाऊवर त्यांच्या वाचनात येईल अशा भाषेत चिठ्ठी लावा.

मूल ठसकलं, पण खोकता येत असेल, तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर 101 ला फोन करायला सांगा. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये पाच थापा मारा, मग बेंबीच्या वर पाच वेळा पोट आत-वर दाबा, आणि अडकलेलं निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, थापांनंतर छातीवर दाब द्यायचा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका.

मधुमेह असेल तर आलेली टोपली त्याच दिवशी वाटून टाका. एका छोट्या चॉकलेटमध्ये साधारण दोन चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत ठेवणं उत्तम मानते.

साखर 70 च्या खाली गेली, घाम आला, हात कापू लागले, तर चॉकलेट शोधू नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात सावकाश जाते. अर्धा पेला फळांचा रस किंवा पाण्यात तीन-चार चमचे साखर घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

येत्या पुरिमला माझ्या टोपलीत एक सफरचंद, घरच्या पुऱ्या दोनच, आणि काय काय घातलं आहे त्याची हिब्रूत लिहिलेली चिठ्ठी असेल. जिन्यातल्या मुलांसाठी रंगीत पेन्सिली आणून ठेवल्या आहेत. लेकीला कळवलं आहे की पुढच्या ऑक्टोबरात मी आले तर दाराशी मीच बसणार, आणि मोरपंखी भोपळा तिने आणून ठेवावा.

कळावे. आपली सर्वांची प्रकृती चांगली राहो.