एक मुक्काम परकोटाच्या आत

ताडोबाला येणारा पर्यटक मोहर्लीच्या रिसॉर्टात उतरतो, वाघ पाहतो आणि परततो. चंद्रपूर शहरात तो थांबतच नाही. मी मात्र गडचिरोलीहून कामाला आलो, की जुन्या शहराभोवतीच्या परकोटाच्या जटपुरा गेटच्या आतल्या एका जुन्या लॉजवरच मुक्काम करतो.

सागवानी जिना, जाडजूड भिंती, वर कवेलू, मधे अंगण. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हाही खालच्या खोलीत नुसत्या पंख्यावर झोप लागते. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघावे आणि गोंड राणी हिराईने बांधलेली राजा वीरशहाची समाधी निवांत पाहावी. आम्हा गडचिरोलीकरांचे या लॉजांशी नाते जुने आहे. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी सिरोंचा-भामरागडच्या माणसाला कलेक्टर कचेरीच्या कामासाठी चांद्यालाच, म्हणजे चंद्रपूरलाच, यावे लागे. एका दिवसात परतणे अशक्य. अशा वेळी आमच्या लोकांना आसरा असायचा तो याच लॉजांचा आणि धर्मशाळांचा.

पण इथले संडास सामायिक आहेत. जिना इतका उभा, की म्हाताऱ्या माणसाला चढवत नाही. लाकडी तुळयांवरून उघड्या वायरी गेल्या आहेत आणि बाहेर पडायला दार एकच. जुनेपणाच्या कौतुकात हे खपवून घेता येणार नाही. हा जिवाशी खेळ आहे.

मालकाने दुरुस्ती करायची म्हटली, तर तीही सोपी नाही. परकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१०च्या कायद्यानुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, दुरुस्तीलाही परवानगी हवी. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. कायदा हवाच. २०१७मध्ये इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी झाडोरा काढून जो परकोट मोकळा केला, तो जपायलाच हवा. मात्र परवानगीच्या कागदांना कंटाळून मालकाने वाडा पडू दिला, तर परकोट राहील आणि आतले गाव जाईल.

म्हणून महानगरपालिकेने अशा इमारतींची यादी करावी, दुरुस्तीच्या अर्जांसाठी माणूस नेमावा, आणि वायरिंग, संडास, दुसरी वाट करणाऱ्याला मालमत्ता करात सवलत द्यावी. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. त्या दिवशी पर्यटकाला शहरात आणणे अवघड नाही. जंगलाच्या नावाने येणाऱ्या पैशातला थोडा वाटा या जुन्या शहराला मिळाला, तरच ही घरे उभी राहतील.