आगीआधीची माणसं

सबमिशनच्या आदल्या रात्रीची गोष्ट. दीडच्या सुमारास हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीतून धूर यायला लागला. कुणीतरी बादलीत कॉइल लावून विसरला होता. पाणी आटलं, बादली वितळली आणि शेजारी वाळत घातलेल्या टॉवेलने पेट घेतला. पाच मिनिटांत पॅसेजमध्ये आम्ही चाळीसेक जण जमलो. त्यात दहा-बारा मेकॅनिकलचे, सात-आठ इलेक्ट्रिकलचे, दोन टॉपर, एक कल्चरल सेक्रेटरी आणि गेल्याच महिन्यात 'लीडरशिप'च्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट मिळवलेला अस्मादिक! दोघं-तिघं मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. एकाने भिंतीवरचा लाल सिलिंडर काढला, उलटा केला, सुलटा केला आणि सगळ्यांना विचारलं, "अरे, हा चालू कसा करतात?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. दुसरा एक वीर बाथरूममधून पाण्याची बादली घेऊन धावत सुटला.

तेवढ्यात मेसचे मामा जिन्यातून ओरडले, "पाणी टाकू नको रे! आधी मेन पाड, मेन!" मेन स्विच कुठे आहे हेही शेवटी त्यांनीच दाखवलं. वीज बंद झाल्यावर त्यांनी ओलं गोणपाट टाकलं आणि दोन मिनिटांत खेळ खलास. खाली जाताना मामा एवढंच म्हणाले, "एवढी इंजिनेरं जमलीत, आन् एकालाबी बटण सापडंना व्हय?"

मित्रहो, त्या रात्री नुकसान झालं ते एका बादलीचं, एका टॉवेलचं आणि आमच्या अब्रूचं. पण मामांचं वाक्य काही डोक्यातून जाईना. फायर ब्रिगेड येईपर्यंत काय करायचं हे जगात कुणी शिकतं का, हे शोधायला बसलो आणि एका वेगळ्याच जगात जाऊन पोहोचलो. ते जग म्हणजे स्वयंसेवक अग्निशामकांचं. आपल्याकडे आग विझवणं म्हणजे महापालिकेची लाल गाडी आणि पगारी जवान. पण जर्मनीतल्या बहुतेक गावांत आग विझवतात ते गावातलेच सुतार, शिक्षक, दुकानदार. अमेरिकेतही निम्म्याहून जास्त फायरमन बिनपगारी आहेत. आणि दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात तर सगळेच्या सगळे!

चिलीची कथा सांगण्यासारखी आहे. ८ डिसेंबर १८६३ रोजी राजधानी सांतियागोमधल्या एका मोठ्या चर्चमध्ये सणाची तुडुंब गर्दी होती. जिकडेतिकडे दिवे आणि सजावट. एका दिव्यापासून आग लागली आणि बघता बघता वर पसरली. दारांशी चेंगराचेंगरी झाली, वाटा बंद झाल्या. दोन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक बायका. शहर सुन्न झालं. अशा वेळी आपण काय करतो? निषेध करतो, मेणबत्त्या लावतो, चौकशी समिती नेमा म्हणतो. तिथे होसे लुइस क्लारो नावाच्या गृहस्थाने काही दिवसांतच वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, ज्या तरुणांना अग्निशामक दल काढायचं आहे त्यांनी जमावं. लोक जमले. २० डिसेंबरला, म्हणजे आगीनंतर बाराव्या दिवशी, सांतियागोचं स्वयंसेवक दल उभं राहिलं. त्याआधी १८५१ मध्ये वालपाराइसो या बंदराच्या गावी असंच दल निघालं होतं, तेही एका मोठ्या आगीनंतरच. तिथे स्थायिक झालेल्या जर्मन, फ्रेंच, इटालियन, इंग्रज लोकांनी आपापल्या तुकड्या काढल्या. त्यातल्या कित्येक तुकड्या आजही आहेत.

आता गंमत बघा. या लोकांना पगार नाही हे ठीक. पण तिथला स्वयंसेवक उलट स्वतःच्या खिशातून दरमहा वर्गणी भरतो! म्हणजे आगीत उडी मारायची ती मारायची, वर पैसेही द्यायचे. ट्रेनिंग घ्यावं लागतं, हजेरी लागते, कामचुकारपणा केला तर नाव कापलं जातं. तरीही देशभरात अशी पन्नास हजारांच्या आसपास माणसं आहेत. त्यात डॉक्टर आहेत, मेकॅनिक आहेत, आणि आपल्यासारखे कॉलेजचे विद्यार्थीही आहेत. कित्येक तुकड्यांमध्ये ही पोरं रात्री फायर स्टेशनातच झोपतात. परगावाहून शिकायला आलेल्याला राहायची सोय होते आणि बदल्यात रात्री भोंगा वाजला की पँट चढवून गाडीत बसायचं. म्हणजे हॉस्टेलच म्हणा ना! फरक एवढाच की आपल्या हॉस्टेलात रात्री दोनला उठवलं तर आपण चप्पल फेकून मारतो.

'पॅशन' हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. रेझ्युमेत लिहायला तो लागतो, इंटरव्ह्यूत बोलायला लागतो. मला वाटतं, ज्या गोष्टीसाठी आपण वर्गणी भरतो, हजेरी लावतो आणि झोप मोडतो, तीच आपली पॅशन. बाकीचं सगळं 'आवड' या सदरात टाकावं.

लीडरशिपचंही तसंच. चिलीतल्या तुकडीत कॅप्टन वरून नेमला जात नाही. तुकडीतले स्वयंसेवकच दरवर्षी मतदानाने त्याला निवडतात. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आपलीही जी.एस.ची निवडणूक होते. होते ना! पण विचार करा, ज्याला मत द्यायचं त्याच्या सांगण्यावरून उद्या धुराने भरलेल्या घरात शिरायचं आहे. मग तुम्ही पार्टी देणाऱ्याला मत द्याल की होजची जोडणी डोळे मिटून करणाऱ्याला? आणि एकदा निवडला की आगीच्या जागी त्याचा शब्द शेवटचा. तिथे वाद नाही, चर्चा नाही. चर्चा स्टेशनवर परतल्यावर. वर्षभराने तोच कॅप्टन पुन्हा साधा स्वयंसेवक होऊन दुसऱ्याचा हुकूम पाळू शकतो. हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे एकदा 'माजी' झालेला माणूस मीटिंगलाही फिरकत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिसरीच आहे: एकमेकांकडून शिकणं. बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला माहीत आहे तो पतंग आणि विजेमुळे. पण त्याच्याही आधी, १७३६ मध्ये, त्याने फिलाडेल्फियात मित्रांना जमवून युनियन फायर कंपनी नावाचं स्वयंसेवक मंडळ काढलं होतं. नियम साधे. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचवायला पिशव्या स्वतःच्या घरी तयार ठेवायच्या. महिन्यातून एकदा संध्याकाळी भेटायचं आणि आगीबद्दल कुणाला जे सुचलं असेल ते इतरांना सांगायचं. जो येणार नाही त्याला दंड! त्या दंडाच्या पैशातून पुढे शिड्या, पंप अशी साधनं घेतली गेली. म्हणजे पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी या माणसाला कळलं होतं की बादली जेवढी गरजेची तेवढीच महिन्याची बैठक गरजेची.

न शिकण्याची किंमत काय असते, याचीही उदाहरणं आहेत. १ जानेवारी १९५३ च्या पहाटे वालपाराइसोमध्ये लाकडाच्या वखारीला आग लागली. नववर्षाचा जल्लोष सोडून स्वयंसेवक धावले. शेजारच्या सरकारी आवारात स्फोटकं साठवलेली आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. स्फोट झाला आणि ३६ स्वयंसेवक जागीच किंवा नंतर दगावले. हे वाचताना मला आपली मुंबई आठवली. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि त्यांच्यासोबत स्फोटकं. बॉम्बे फायर ब्रिगेडचे ६६ जण त्यात गेले. दरवर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्या स्मरणार्थ. जळतं आहे ते काय आहे आणि त्याच्या शेजारी काय ठेवलं आहे, हा प्रश्न पाण्याआधी विचारायचा असतो. आमच्या मजल्यावर त्या रात्री तो प्रश्न फक्त मामांना पडला.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. २ डिसेंबर १९९८ रोजी व्हिक्टोरिया राज्यात लिंटन गावाजवळ वणवा पेटला होता. जीलाँगहून आलेल्या स्वयंसेवकांच्या दोन गाड्या पाणी भरायला निघाल्या असताना वाऱ्याने एकदम दिशा बदलली. इतका वेळ शांतपणे जळणारी वणव्याची एक बाजूच अंगावर आली. एका गाडीतली माणसं वाचली. दुसऱ्या गाडीतले पाचही जण गेले. पाचही जण स्वयंसेवक. आता यावर दोन वाक्यांत 'शहीद' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तिथे बराच काळ चौकशी चालली आणि २००२ मध्ये जाडजूड अहवाल आला. वाऱ्याचा इशारा सगळ्यांपर्यंत का पोहोचला नाही, गाडीत पाणी किती उरलं होतं, ट्रेनिंग कुणाचं किती झालं होतं, हे सगळं उघडपणे मांडलं गेलं. त्यानंतर वणव्यावर जाण्याआधी किमान प्रशिक्षण प्रत्येकाला सक्तीचं झालं. गाडीची टाकी पूर्ण रिकामी करायची नाही, स्वतःच्या बचावापुरतं पाणी राखायचं, हा धडा नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवसापासून शिकवला जाऊ लागला. त्या पाच जणांनंतर आलेले कितीतरी जण त्या राखलेल्या पाण्यावर घरी परतले असतील.

आपल्याकडे चूक झाली की पहिला प्रश्न असतो, "कुणी केलं?" त्या खोलीतल्या मित्राला दंड झाला, नोटीस लागली, सगळ्यांच्या कॉइल जप्त झाल्या आणि महिनाभरात पुन्हा तेवढ्याच कॉइल हॉस्टेलात आल्या. "मेन स्विच कुठे आहे?" हा प्रश्न आजही अर्ध्या हॉस्टेलला विचारा. उत्तर येणार नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे प्रवचन होईल. स्वयंसेवा म्हणजे सगळं गोड नाही. फुकट काम करणारे मिळाले की सरकारला खर्च टाळायची सवय लागते, हा आक्षेप खोटा नाही. नोकरी सांभाळून आगीला जायचं म्हणजे कुणाचा तरी पगार कापला जाणार. चिलीत अशा लोकांना कामाच्या वेळेत धावून जाण्याचं कायद्याचं संरक्षण मिळायला २०१६ साल उजाडावं लागलं. आणि नुसती पॅशन किती घातक असते हेही तिथेच दिसलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वालपाराइसो भागात भयंकर वणवे पेटले, शंभराहून जास्त माणसं मेली. काही महिन्यांनी ती आग लावल्याच्या आरोपावरून ज्यांना अटक झाली, त्यात एक तरुण स्वयंसेवक अग्निशामकच होता! म्हणून तर वर्गणी, हजेरी, ट्रेनिंग, निवडलेला कॅप्टन ही सगळी भानगड लागते. पॅशनला वेसण हवी.

मी काही म्हणत नाही की आपण उद्यापासून फायर ब्रिगेड काढू. आग लागली की १०१ किंवा ११२ ला फोन करायचा आणि बाहेर पडायचं, हेच पहिलं कर्तव्य. जवानांचं काम जवानांनीच करावं. पण ते पोहोचेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं कुणाची? ती आपलीच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक मजल्यावर पाच जण पुढे यावेत, त्यांनी आपल्यातला एक निवडावा आणि दरवर्षी बदलावा. महिन्यातून एकदा अर्धा तास भेटावं, न येणाऱ्याकडून एका चहाचा दंड घ्यावा (फ्रँकलिनसाहेबांच्या कृपेने). त्या अर्ध्या तासात मेन स्विच दाखवावा. सिलिंडरच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघावं. पिन ओढा, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरा, दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा, हे प्रत्येकाने एकदा तरी हाताने करून बघावं. छोटा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांतच रिकामा होतो, तेव्हा पाठ मोकळ्या दाराकडे ठेवूनच उभं राहावं. जिन्याखाली रचलेल्या गाद्या आणि कुलूप लावलेलं मागचं दार यांची यादी करून रेक्टर सरांना द्यावी. आणि एक वही ठेवावी. तिच्यात घडलेलं लिहायचं, पण नाव कुणाचंही लिहायचं नाही. पुढच्या वर्षीच्या पोरांना ती वाचता यावी.

स्टाफमधल्या मंडळींनाही विनंती आहे. नॅकच्या भेटीआधी घाईघाईने होणारं मॉक ड्रिल पुरेसं नाही. आम्हाला आधी न सांगता एकदा रात्री दोन वाजता घ्या. आम्ही शिव्या देऊ, पण उतरू.

राहता राहिला पहिल्या बैठकीचा प्रमुख पाहुणा. कुठल्या कंपनीचा एच.आर. नको, मोटिव्हेशनल स्पीकर नको. मी मामांना विचारून ठेवलंय. म्हणाले, "भाषण-बिषण जमायचं न्हाई. पर मेन दावतो."

बघा, पटतंय का!

— टी.ई. मेकॅनिकल, दुसरा मजला