बाटलीवरचा आकडा आणि तरुणाचे रक्त

कोल्हापूरच्या खासबाग मैदानापासून बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यापर्यंत या मुलखाने जी मल्लविद्या जोपासली, तिचे भांडवल खुराक, मेहनत आणि वस्तादाची करडी नजर एवढेच होते. आज झटपट शरीर कमावण्याच्या मोहात सापडलेल्या तरुणाच्या हाती ॲनाबॉलिक स्टिरॉइडची बिनपावतीची बाटली ठेवणारे महाभाग निपजले आहेत. ‘दर मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम’ असा आकडा तीवर छापलेला असतो. कोणी शंका काढलीच, तर विक्रेता प्रयोगशाळेचा दाखला पुढे करतो. या दाखल्यावर विसंबणे म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाखला असतो तो प्रयोगशाळेत पोहोचलेल्या नमुन्याचा. तो नमुना पाठविला कोणी? विकणाऱ्यानेच! निपाणीचा तंबाखूचा व्यापारीदेखील पोत्याच्या तोंडाशी दिसणारा माल पाहून सौदा करीत नाही. आत हात घालून तळचा माल वर काढतो. मग जो पदार्थ रक्तात जावयाचा, त्याच्या बाबतीत एवढीही सावधगिरी नको काय?

चोरट्या बाजारातील स्टिरॉइडांच्या रासायनिक तपासण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरीने सुमारे ३६ टक्के माल नकली आणि सुमारे ३७ टक्के कमअस्सल आढळला. नकली म्हणजे वेष्टनावर एक आणि आत दुसरेच किंवा काहीच नाही. कमअस्सल म्हणजे औषध तेच, पण मात्रा वेगळी. परवानाधारक कारखान्याच्या बहुतेक गोळ्यांना औषधकोश ९० ते ११० टक्क्यांची मर्यादा घालून देतो. चोरट्या कारखानदाराला मर्यादा कोणती आणि जाब विचारणारा कोण? हलक्या मालाने गुण येईना म्हणून तरुण मात्रा दुप्पट करतो. पुढची बाटली पूर्ण ताकदीची निघाली की तीच दुप्पट मात्रा त्याच्या अंगावर उलटते. शिवाय ते तेल निर्जंतुक आहे की नाही, हे आकड्यावरून कळत नाही.

कोणी म्हणतील, आकडा खरा असेल तर हरकत कोणती? आमचे उत्तर असे की, अचूक मोजल्याने विषाचे औषध होत नाही. वैद्याच्या देखरेखीवाचून घेतलेल्या या द्रव्यांनी हृदय व यकृत यांस इजा होते. शरीराची स्वतःची पुरुषसंप्रेरकनिर्मिती मंदावते आणि वंध्यत्वही येऊ शकते.

तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ साली मेथँडिएनोन सापडले. आपल्या अन्नपाण्यात कोणी ते मिसळले, हा त्यांचा दावा क्रीडा लवादाने मान्य केला नाही. ऐन रिओ ऑलिम्पिकमध्ये चार वर्षांची बंदी त्यांच्यावर आली. स्पर्धेच्या प्रयोगशाळेपुढे विक्रेत्याचा दाखला कवडीमोल असतो, हे प्रत्येक मल्लाने ध्यानी धरावे.

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा केंद्राचा आहे. कागल असो वा निपाणी, कलमे तीच. त्याच्या कलम २६ प्रमाणे कोणत्याही ग्राहकास शुल्क भरून आपण विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेता येते. पण बिनपावतीच्या ग्राहकाने दाद मागावी कोणाविरुद्ध? ज्याच्या वापराने मृत्यू वा गंभीर इजा संभवते असे बनावट औषध विकणाऱ्यास २००८ च्या दुरुस्तीनंतर किमान दहा वर्षांची, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. कायदा लुळा नाही. तो वापरणारा हात लुळा पडू नये.

म्हणून आमची मागणी रोखठोक आहे. उभय राज्यांच्या औषध निरीक्षकांनी अशा बाटल्यांचे नमुने स्वतः घ्यावेत, ते शासकीय विश्लेषकाकडे पाठवावेत आणि निकाल गावोगावच्या तालमींत व व्यायामशाळांत मराठीतून लावावेत. वस्तादांनी व चालकांनी असा विक्रेता उंबरठ्याबाहेरच अडवावा. ज्यांनी आधीच या बाटल्या वापरल्या आहेत, त्यांनी लाज न धरता वैद्याकडे जावे आणि उरलेली बाटली त्यास दाखवावी. या मुलखाची ताकद तांबड्या मातीत घडली. ती निनावी तेलाच्या भरवशावर सोडणे कोणासही परवडणारे नाही.